जुन्या मोटारीचा डायनॅमो

वाडवडिलांच्या वेळची मोटार दारात जपून ठेवणारी काही कुटुंबे आपल्या उपनगरांत अद्याप आढळतात. यांपैकी पुष्कळ गाड्या तर जन्मानेच आपल्या शेजारच्या होत. कारण वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यास होता, आणि फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या तेथेच तयार झाल्या. टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर ३० ऑक्टोबर २०२३ पासून दिसेनाशी झाली. आता उरल्या त्या खासगी मालकांच्या. अशा जुन्या गाडीतील डायनॅमो काढून तेथे आल्टरनेटर बसवावा की नाही, हा प्रश्न मालकास कधी ना कधी पडतोच. तो वरवर कारागिराचा वाटला, तरी वडिलार्जित वस्तू कशी सांभाळावी हा मोठा प्रश्न त्याच्या पोटी आहे. म्हणून विद्यार्थी व पालक यांच्यापुढे तो मांडावयाचे योजिले आहे.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहू. मोटारीच्या बॅटरीत वीज भरण्याचे काम डायनॅमोचे. परंतु इंजिन सावकाश चालत असता तो जवळजवळ काहीच देत नाही. अशा वेळी कटआऊट त्याचा बॅटरीशी असलेला संबंध तोडून टाकतो, आणि दिवे, वायपर, हॉर्न यांचा सारा भार बॅटरीवर पडतो. ज्यांनी हे यंत्र योजिले त्यांच्या डोळ्यांपुढे मोकळे रस्ते होते. श्रावणातील सायंकाळी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर पाऊण तास मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी त्यांच्या स्वप्नातही नसेल! अशा वेळी दिवे पिवळे पडतात, वायपर रेंगाळतो, आणि इंजिन एकदा बंद पडले की पुनः सुरू होत नाही. मागे ट्रकांची रांग उभी असता हा प्रसंग केवळ गैरसोयीचा राहत नाही.

मग डायनॅमोच अधिक वेगाने का फिरवू नये? कारण त्यात वीज देणारी जड गुंडाळी स्वतः फिरते, आणि निर्माण झालेला सगळा प्रवाह कॉम्युटेटर व कार्बन यांतून बाहेर काढावा लागतो. वेग फार वाढविला तर ठिणग्या उडतात, आणि गुंडाळीच्या तारा आपल्या जागेवरून उसळून बाहेर येतात. आल्टरनेटरमध्ये ही मांडणी उलट केलेली असते. जड गुंडाळी स्थिर, फिरते ते हलके चुंबक. आणि कार्बनांतून जातो तो त्या चुंबकापुरता अल्पसा प्रवाह. म्हणून लहान पुली लावून तो पुष्कळ वेगाने फिरविता येतो, आणि सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीतही तो बॅटरीस उपाशी ठेवीत नाही.

जुन्याचे अभिमानी म्हणतात, हे परके यंत्र आमच्या गाडीत नको. वस्तुतः ते परके नव्हेच. फॅरडे या धर्मनिष्ठ शास्त्रज्ञाने १८३१ साली जो नियम शोधून काढला, त्याचीच ही दोन्ही अपत्ये. डायनॅमोच्या गुंडाळीतही मुळात दिशा पालटणारा प्रवाहच उत्पन्न होतो. कॉम्युटेटर त्यास सरळ करतो. आल्टरनेटरमध्ये तेच काम सिलिकॉनचे डायोड करतात. १९६० साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर दिला, तो असे डायोड उपलब्ध झाले म्हणूनच.

तेव्हा रोज अथवा दर आठवड्यास रस्त्यावर येणाऱ्या गाडीत हा बदल करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. केवळ प्रदर्शनात उभी राहणारी गाडी मात्र जशी आहे तशीच असू द्यावी. परंतु बदल करणे म्हणजे दोन खिळे काढून दुसरे दोन ठोकणे नव्हे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले असता वस्त्र अधिकच फाटते, हा शुभवर्तमानातील दृष्टांत येथे अक्षरशः लागू पडतो. पूर्वीच्या तारा वीस-पंचवीस अँपियर प्रवाहाच्या बेताच्या. त्यांतून चाळीस-पंचेचाळीस सोडले तर त्या तापतात, अँमीटर जळतो, प्रसंगी आगही लागते. तार जाड हवी, फ्यूज योग्य हवा, जुना रेग्युलेटर मार्गातून दूर करावयास हवा. कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. ते न पालटता सामान्य आल्टरनेटर जोडला, तर डायोड क्षणात नष्ट होतात. आपल्या लोकलचेच पाहा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे तो पालटून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणावयाचे ठरले, तेव्हा तारा, उपकेंद्रे आणि डबे यांचा एकत्र विचार करावा लागला; ते काम पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य रेल्वेवर २०१६ साली पुरे झाले.

आणखी एक गोष्ट. बाहेरून हुबेहूब डायनॅमोसारखे दिसणारे आल्टरनेटरही मिळतात. ते वापरण्यात गैर काही नाही. परंतु गाडी विकताना किंवा स्पर्धेत उतरविताना ती सर्वस्वी मूळची आहे असे सांगणे ही खोटी साक्ष होय. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. मात्र तिचे मूळ रूप टिकलेले असावे, सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी झालेला बदल परिवहन कार्यालयास सांगून विचारून घ्यावे. कोठेही नवे भोक पाडू नये, कोणताही भाग कापू नये. काय काढले, काय बसविले याची तारखेसह नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे नातवास वाटले तर तो सर्व पूर्ववत् करू शकेल.

काढलेला डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. ज्यांस तो नकोच असेल, त्यांनी भंगारवाल्यास बोलाविण्यापूर्वी एक वार शाळेच्या प्रयोगशाळेकडे पाहावे. बॅटरीचा प्रवाह दिला असता हाच डायनॅमो मोटरप्रमाणे फिरू लागतो. ते पाहून नववीच्या वर्गात काय गलका उडतो, हे कोणत्याही विज्ञानशिक्षकास विचारावे.