तेरा महिन्यांची खासदारकी

देवगाव रंगारी आज ज्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात मोडतं, तिथे चंद्रकांत खैरे सलग चार वेळा निवडून आले. त्यामुळे त्यांच्या आधीचा खासदार कोण, हे पारावर चटकन कुणी सांगत नाही. ते होते वैजापूरचे रामकृष्णबाबा पाटील. शेतकरी माणूस, आधी आमदार राहिलेले. शिवसेनेच्या ऐन भरात, 1998 साली त्यांनी काँग्रेससाठी औरंगाबादची जागा काढली. पण ती बारावी लोकसभाच अल्पायुषी. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं आणि 26 एप्रिलला सभागृह विसर्जित झालं. जेमतेम तेरा महिने. एवढ्यात आडसाली ऊससुद्धा तोडणीला येत नाही! एक खरीप, एक रब्बी, बस्स. नव्या खासदाराचा पहिला हंगाम दिल्लीत कुठल्या खात्याचं दार कुठे, हे कळण्यातच जातो. पाणी, वीज, कापसाचा भाव यांची पत्रं फिरू लागेपर्यंत खुर्ची गेलेली. पुढच्या निवडणुकीत काँग्रेसने उभे केले ते थेट कोकणातले अंतुले, आणि ते हरले. मला तो निर्णय तेव्हाही कळला नव्हता, आजही कळत नाही. वैजापूर तालुक्यातल्या रामकृष्ण गोदावरी उपसा योजनेचं कर्ज आणि त्यापायी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा हा विषय मात्र त्या खासदारकीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालला.