दारू सोडायची तर एकट्यानं नाही



या पानावर आम्ही भावाबद्दल लिहितो, कर्जाबद्दल लिहितो, विजेबद्दल लिहितो. दारूबद्दल लिहायचं टाळतो. त्याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. शेतकऱ्यानं जीव दिला की चौकशीला आलेला माणूस विचारतो, 'पीत होता का?' घरच्यांनी 'हो' म्हटलं की कर्ज, नापिकी, पडलेला भाव सगळं बाजूला राहतं. कागदावर दारू येते, आणि एक लाखाच्या मदतीसाठी त्याची बायको कचेरीचे उंबरे झिजवत राहते. सरकारच्या हाती आयतं कोलीत नको म्हणून आम्ही गप्प बसलो.

ते चुकलं. बिल्ला लावून रास्ता रोकोत पुढं बसणारे कितीतरी गडी आम्ही असे गमावले. भाव मिळाला की दारू सुटेल, असं आम्हीच सांगत होतो. भाव पडला म्हणून माणूस प्यायला लागला असेल. पण लागलेली दारू भावाची वाट बघत नाही. चुकारा हातात पडला त्या दिवशी तर तो जास्तच पितो.

दुसरा उपाय आपल्याला माहीत आहे तो दुकान बंद करण्याचा. मायबहिणींनी आडवी बाटली करून गावोगावी दुकानं उठवली, त्या लढ्याला आमचा सलामच. पण वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. तिथल्या बायांना विचारा, गावठी मिळायची थांबली का? दुकान उठतं, पिणारा तसाच राहतो.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात चोरून पिणाऱ्यांत एक शेअरबाजारातला माणूस होता आणि एक शल्यचिकित्सक. १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी दोघांची गाठ पडली. उपदेश दोघांनीही भरपूर ऐकला होता. एका बेवड्यानं दुसऱ्याला आपली खरी गोष्ट सांगितली की त्या दिवसापुरती दारू टळते, हे त्यांना उमगलं. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे एए, उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे. आपल्याकडं माळ घालून सुटलेले लोक आहेत, त्यांनाही विचारा. माळेइतकाच रोज संध्याकाळच्या हरिपाठाच्या संगतीनं हात दिलेला असतो.

बैठकीत काय होतं? तास-दीड तास माणसं गोल बसतात. एकेक जण नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो, मग आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, अक्कल शिकवत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकावं. जन्मभराची शपथ नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. आडनाव विचारत नाहीत. आपल्याकडं आडनावाबरोबर जात कळते, तेव्हा ही लहान गोष्ट नाही.

बैठक शोधायची कशी? व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकटचा फोन आहे, तिथं विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांच्या विभागात विचारा. व्यसनमुक्ती केंद्रातही पत्ता मिळतो. वार, वेळ, भाषा विचारा, आणि बैठक सर्वांसाठी खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी, हेही. आदल्या दिवशी पुन्हा फोन करा, कारण जागा बदलतात. गावात लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. खरी अडचण एसटीची. बैठक संध्याकाळी आणि शेवटची गाडी त्याआधीच निघालेली. म्हणून एकट्यानं जाऊ नका. मोटरसायकलवर दोघं जा, आणि न पिणारा गाडी चालवू दे. पहिल्या बैठकीत काही वाटलं नाही तरी चार-पाच वेळा जाऊन बघा.

एक इशारा मात्र. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला आधी डॉक्टरकडं न्या. आणि बायांनो, जेवणात लपवून कुठली गोळी-भुकटी देऊ नका. काही औषधांवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. तुमच्यासाठी, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, 'अल-अ‍ॅनॉन'च्या वेगळ्या बैठका असतात. नवरा जात नसला तरी तुम्ही जा.

जिथं बैठकच नाही तिथं? सोडू इच्छिणारी दोन माणसं एकत्र बसली की गट होतो. आम्ही सभेची खोली देऊ, सतरंजी देऊ. मात्र तो गट आमचा नसेल. एए कुठल्याही चळवळीची बाजू घेत नाही, आणि कोणी कार्यकर्ता तिथं भावाचं भाषण ठोकायला लागला तर त्याला बाहेर काढावं. बिल्ला दाराबाहेर.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुकाप्रमुखानं आपल्या भागातल्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा लिहून आणावी. कोण जातं त्यांची नावं आणू नयेत.