पी. टी.चा तास कोणाचा?

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की तो बुडाला तरी कोणी विचारत नाही. गणिताचा धडा मागे पडला, विज्ञानाचा प्रयोग राहिला, की गदा येते ती पी. टी.च्या तासावर. एस. एस. एल. सी.च्या वर्षी तर हा तास केवळ कागदावरच उरतो. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हां बहुतेकांचा हाच अनुभव आहे आणि कन्नड माध्यमातून आलेले मित्रही तेच सांगतात. या बाबतीत तरी दोन्ही माध्यमांचे एकमत आहे!

बरे, तास मिळाला म्हणजे खेळ मिळाला, असेही नाही. अर्धा वेळ रांगा लावण्यात व कवायतीत जातो. मग शाळेच्या संघातील दहाबारा जण मैदानात उतरतात आणि उरलेला वर्ग कडेला बसून टाळ्या वाजवतो. मुलींच्या वाट्याला बहुधा झाडाची सावली येते. संघाने ढाल जिंकली तर तिची नोंद अहवालात होते. पण वर्गातील कितीजण वर्षभर खेळलेच नाहीत, याची नोंद कोठेच होत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा हिशेब पटणे कठीण आहे. जमेची बाजू दाखवायची आणि खर्चाची झाकायची, असा ताळेबंद कोणता लेखापरीक्षक मान्य करील?

कवायतीने शिस्त लागते, हे मान्य. परंतु खेळ जे शिकवतो ते कवायतीत नाही. आपल्या नेहमीच्या खो-खोचेच पाहा. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र हवा तसा निसटतो. म्हणून गडी कितीही चपळ असला तरी त्याला योग्य क्षणी ‘खो’ देऊन दुसऱ्याच्या जागी बसावेच लागते. कबड्डीत बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा उठतो. सोबत्यांच्या पराक्रमाने आपल्याला पुन्हा संधी मिळते, हे परीक्षेच्या वर्गात कोठे शिकायला मिळते? आणि ‘खो’ हा शब्द मराठी की कन्नड, हे मैदानावर कोणी विचारत नाही.

पैसे नाहीत, ही सबबही टिकणारी नाही. कबड्डीला चुन्याची फक्की आणि मोकळी जमीन पुरते. खो-खोला वर दोन खांब. लगोरीला फरशीचे तुकडे व एक चेंडू. हे खेळ गावठी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीने देशाला सुवर्णपदक दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात आपले पुरुष व महिला, दोन्ही संघ विजयी झाले. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी मैदान व खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. पी. टी.चा तास दुसऱ्या विषयाने घेऊ नये. वर्गाचे चारपाच गट पाडावेत. प्रत्येक गटात चपळ व मंद, मुलगे व मुली असावेत आणि एका तासात प्रत्येकाची पाळी यावी. शाळेचा संघ जरूर असावा, पण त्याचा सराव शाळा सुटल्यावर व्हावा.

एकट्या पी. टी. सरांना एवढे गट सांभाळणे जड जाईल, हे खरे. तेथे आपण महाविद्यालयीन विद्यार्थी कामी येऊ शकतो. शनिवारी सकाळच्या शाळेत तासभर पंच म्हणून उभे राहायला पदवी लागत नाही. नियम माहीत असले आणि शिट्टी असली की झाले. आपापल्या जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढे विचारायला काय हरकत आहे?