पाहुण्यांची भाषा

'हाक्का' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस चांगला ठाऊक आहे. पण तो नूडल्सच्या थाळीपुरता. हे चीनमधील एका लोकसमूहाचे व त्याच्या भाषेचे नाव आहे, असे वर्गात सांगितले तेव्हा अर्धा वर्ग हसला.

'हाक' म्हणजे पाहुणा आणि 'का' म्हणजे घर किंवा कुटुंब. उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत उतरलेले हे लोक सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्वांगडोंग प्रांताच्या किनाऱ्याकडे वसू लागले, तेव्हा तेथल्या जुन्या रहिवाशांनी त्यांस पाहुणे म्हटले. ते स्वतः 'पुन्ती', म्हणजे मूळचे! पाहुण्यांच्या वाट्यास बहुधा डोंगराळ, निकृष्ट जमीन आली. पुढे १८५५ ते १८६७ ह्या काळात उभयतांत भीषण रक्तपात झाला. लेखणीनेही वैर साधले. ह्या लोकांचे नाव लिहिताना काही जण अक्षरास श्वानवाचक खूण जोडीत. विसाव्या शतकाच्या आरंभी तर एका शालेय पुस्तकात हे लोक हान चिनीच नव्हेत, असे छापले गेले. हाक्का सुशिक्षितांनी निषेध केला व तो मजकूर बदलून घेतला. पाठ्यपुस्तकावर नित्य विसंबणाऱ्या आम्हां शिक्षकांनी हा प्रसंग विसरू नये.

नाव मात्र त्यांनी टाकले नाही. तेच अभिमानाने मिरविले.

भाषेची कथा निराळी नाही. चीनमध्ये तिला 'फांगयान', म्हणजे प्रादेशिक बोली, म्हणतात. वस्तुतः मेइशियनचा माणूस हाक्का बोलू लागला, तर बेजिंगच्या माणसास काही उमगत नाही. लिपी एक, म्हणून भाषा एक, असा हा हिशेब! घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकविणाऱ्या आम्हांस तो परिचयाचा आहे. दोन्ही भाषांवर आमचे प्रेम आहे. परंतु एकीस दुसरीची पोटभाषा मानणे आम्हांस कधी पटले नाही, आणि ते ह्या मराठी पानावर लिहिण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

तैवानात एके काळी शाळेत हाक्का बोलणाऱ्या मुलांस शिक्षा होई. डिसेंबर १९८८ मध्ये 'आमची मातृभाषा परत द्या' असे म्हणत हजारो लोक तैपेईच्या रस्त्यांवर उतरले. २०१८ साली अमलात आलेल्या कायद्याने ती तेथील राष्ट्रीय भाषांपैकी एक ठरली. तोवर कित्येक घरांतली नातवंडे आजीशी दुसऱ्याच भाषेत बोलू लागली होती.

ग्वांगडोंगच्या पश्चिम भागात काही जण ह्याच भाषेस 'ङाय' म्हणतात. तिच्यात 'ङाय' म्हणजे 'मी'.