पाळी गेली, की पिशवी गेली?

'शेवटची पाळी केव्हा आली होती?' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन बायकांना जे प्रश्न विचारतात, त्यांतला हा एक. प्रश्न साधा आहे. उत्तर देणारी पटकन काहीतरी सांगते आणि कामाला लागते. परंतु आपल्याकडे स्त्रियांची पाळी कोणत्या वयात जाते, याचा हिशेब अशाच उत्तरांवरून मांडला जातो. म्हणून तो कसा मांडतात, हे एकदा समजून घेतले पाहिजे.

समजा, एका गल्लीत तिघी जणी राहतात. पहिलीचे वय ४८. वर्षभर पाळी आलेली नाही. दुसरी ४२ वर्षांची. सात महिने पाळी नाही आणि मधूनच अंगातून वाफा निघतात. तिसरी ३५ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. तिघींचेही उत्तर एकच, 'पाळी बंद झाली.' आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात तिघीही एकाच रकान्यात जातात. कारण तेथील नियम असा की, ३० ते ४९ वयाची स्त्री गरोदर नसेल, बाळंतपणानंतर पाळी सुरू व्हायची राहिलेली नसेल आणि सहा महिने किंवा अधिक काळ पाळी आलेली नसेल, तर ती रजोनिवृत्त समजावी. पिशवी काढलेलीही त्यातच.

वैद्यकशास्त्राचा नियम वेगळा आहे. दुसरे कोणतेही कारण नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच नैसर्गिक रजोनिवृत्ती झाली असे आपण म्हणतो. या नियमाने तिघींपैकी पहिलीच खरी रजोनिवृत्त. दुसरीची पाळी अजून परत येऊ शकते. थायरॉइडचा विकार किंवा गर्भनिरोधक इंजेक्शन यांमुळेही पाळी लांबते. तिसरीची गोष्ट तर निराळीच. तिची पाळी थांबली ती पिशवी नाही म्हणून. बीजकोश जागेवर असतील, तर ते पुढे अनेक वर्षे संप्रेरके तयार करू शकतात. पण दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर तिला ऐन तिशीत एकाएकी रजोनिवृत्ती आली आहे. तिची हाडे आणि हृदय यांची काळजी तेव्हापासूनच घ्यायला हवी.

मग सर्वेक्षण चुकीचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १९९२-९३ पासून चाललेले हे काम फार मोठे आहे. लाखो घरांत प्रत्येकीचे रक्त तपासून संप्रेरके मोजणे शक्य नाही, आणि मोजूनही फारसा उपयोग नाही. पाळी जाण्याच्या काळात ती संप्रेरके आज वर, तर उद्या खाली असतात. तेव्हा तोंडी प्रश्न हाच व्यवहार्य मार्ग. त्याच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. आपल्याकडे अनेक बायका वय अंदाजाने सांगतात. चाळीस, पंचेचाळीस असे गोळाबेरीज आकडे येतात. शिवाय या सर्वेक्षणात पाळीचे प्रश्न ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनाच विचारतात. ज्यांची पाळी पन्नाशीनंतर जाते, त्या यातून सुटतातच.

खरा धोका आहे तो तिसरीला पहिलीच्या रकान्यात बसवण्यात. असा एकत्र आकडा पाहिला की, 'आपल्याकडच्या बायकांची पाळी लवकरच जाते' असे वाटू लागते. दोष हवेला, खाण्याला, नशिबाला दिला जातो आणि शस्त्रक्रिया आकड्यामागे लपून राहते. बीड जिल्ह्याचे उदाहरण आपल्या समोर आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने तेथील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांमागे एक! 'पिशवी काढली का?' असा सरळ प्रश्न विचारला म्हणूनच हे उजेडात आले. केवळ 'पाळी येते का?' एवढेच विचारले असते, तर त्याही रजोनिवृत्त म्हणून मोजल्या गेल्या असत्या.

राष्ट्रीय सर्वेक्षणातही २०१५-१६ च्या फेरीपासून पिशवीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारू लागले, हे योग्यच झाले. आमचे म्हणणे इतकेच की, तक्तेही तसेच वेगवेगळे छापावेत. नैसर्गिक रजोनिवृत्ती एका रकान्यात, शस्त्रक्रियेने थांबलेली पाळी दुसऱ्या रकान्यात. आणि पिशवी काढली असेल तेथे 'बीजकोश ठेवले की काढले?' हा पुढचा प्रश्न जरूर असावा.

भगिनींनीही आपल्या बाजूने काही गोष्टी कराव्यात. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. शस्त्रक्रिया झाली असेल, तर दवाखान्याचे कागद, विशेषतः डिस्चार्ज कार्ड, जपून ठेवावे आणि काय काय काढले ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे. चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर तपासणी करून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, 'पाळी परत आली' म्हणून घरी बसू नये. तो कर्करोगाचाही इशारा असू शकतो. आणि केवळ अंगावरून पांढरे जाते किंवा कंबर दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

पुढच्या वेळी सर्वेक्षणाच्या ताई दारात आल्या, तर 'पाळी गेली' एवढ्यावर थांबू नका. ती आपणहून गेली की शस्त्रक्रियेने, तेही सांगा. त्या एका वाक्याने तुमची नोंद बरोबर रकान्यात पडेल.