उसनी चौकट, आपला हेतू

आपली राज्यघटना म्हणजे १९३५ च्या कायद्याची नक्कल, असे काही विद्वान मानतात. प्रशासनाचा तपशील तेथून घेतल्याचे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत स्वतःच सांगितले होते. परंतु चौकट उसनी, म्हणून हेतूही उसना कसा ठरतो? शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी रिक्त जागांपैकी ५० टक्के राखल्या. याच संस्थानातील माणगावी १९२० च्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांनी भूषविले. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम १९३५ च्या कायद्यात शोधूनही सापडणार नाही. त्याची मुळे या मातीतली. घटनेचा हेतू परका ठरला, की पंचविसाव्या कलमाने दिलेले धर्मस्वातंत्र्यही परके म्हणता येते. वाचकहो, म्हणूनच हा वाद आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे.