कोड नाही, पण तक्रार आहे

"खड्ड्यावरून जाताना ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो आणि गाडी पुढे जाते." हायब्रिड गाडीचा मालक काउंटरवर येऊन एवढे स्पष्ट सांगतो आणि जॉब कार्डवर उतरते ते फक्त "ब्रेक चेक करणे". मग स्कॅनर लागतो. एकही फॉल्ट कोड सापडत नाही. पॅड जवळजवळ नवे, ब्रेक ऑइलची पातळी बरोबर, डिस्कवर रेघ नाही. गॅरेजच्या अंगणात दोनदा ब्रेक दाबून पाहिला जातो आणि शेरा पडतो: "चेक केले, ओके." मालक घरी जातो तो मनात धास्ती घेऊन, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजचे दार ठोठावतो.

या शेऱ्याबद्दल आम्हाला आज आपल्या वाचकांशी, म्हणजे रोज गाडीखाली जाणाऱ्या मंडळींशी, बोलायचे आहे. ब्रेकच्या तक्रारीत स्कॅनर गप्प बसला म्हणून गिऱ्हाईक खोटे ठरत नाही. कंट्रोल युनिटला जे चुकीचे म्हणून शिकवले आहे तेवढ्याचाच कोड ते साठवते. त्याच्या लेखी सगळे ठरल्याप्रमाणे चालले असेल, तर ठरवणेच चुकले असले तरी कोड पडणार नाही.

2010 सालच्या प्रियसचे प्रकरण या धंद्यातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे आहे. थंडीचे दिवस होते. जपान आणि अमेरिकेतले मालक सांगत होते की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावत असताना गाडी क्षणभर मोकळी सुटते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारीच्या सुरुवातीला चौकशी उघडली तेव्हा तिच्याकडे अशा 124 तक्रारी होत्या, त्यांतल्या चार तक्रारींत अपघात झाल्याचे म्हटले होते. टोयोटाचे पहिले म्हणणे असे की हा पेडलच्या जाणिवेचा प्रश्न आहे, पाय जोरात दाबला की गाडी थांबते. हे खोटे नव्हते. पण पुढच्या चाकाखाली बर्फ असताना त्या अर्ध्या क्षणात घाबरलेल्या माणसाला ते कोण सांगणार? 9 फेब्रुवारी 2010 रोजी कंपनीने प्रियस आणि तिच्या भावंड हायब्रिड मिळून जगभरातल्या सुमारे 4 लाख 37 हजार गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय होती? एबीएसच्या कंट्रोल युनिटमधले सॉफ्टवेअर बदलणे. एकही पॅड, एकही कॅलिपर बदलला गेला नाही.

आत घडत होते ते असे. हायब्रिडमध्ये पाय हलका असतो तेव्हा गाडी थांबवण्याचे बरेचसे काम मोटर करते. ती जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि त्या ओढीने चाक मंदावते. उरलेले काम ऑइलच्या दाबाने कॅलिपर करतो. दोघांची वाटणी कंट्रोल युनिट सतत बदलत असते. पायाला जे पेडल लागते त्याचा कठीणपणाही बऱ्याच गाड्यांत एका स्प्रिंगच्या सिम्युलेटरने तयार केलेला असतो. आता चाक उडाले किंवा घसरले की एबीएस जागा होतो आणि मोटरची ओढ तत्काळ काढून घेतली जाते, कारण घसरत्या चाकावर ती नको असते. तिची जागा ऑइलच्या दाबाने भरून काढायची. त्या प्रियसमध्ये पाय होता तिथेच राहिला, पण बदली झाल्यावर मिळणारा दाब आधीच्या एकूण ब्रेकपेक्षा कमी पडत होता. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे एका अख्ख्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त.

त्याच महिन्यात फोर्डनेही फ्यूजन हायब्रिड आणि मर्क्युरी मिलान हायब्रिड अशा सुमारे 17,600 गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलून दिले. तिथे मोटरचा ब्रेक सुटून गाडी पूर्णपणे ऑइलच्या ब्रेकवर जायची, पेडलचा स्पर्श बदलायचा आणि चालकाला ब्रेक गेला असे वाटायचे. दोन कंपन्या, दोन वेगळ्या रचना, दुखणे एकाच सांध्यावर.

आपल्याकडे बर्फ नाही. पण पुणे-सातारा रस्त्यावरच्या रम्बल स्ट्रिप्स आहेत, पावसाळ्यानंतरचा मुंबई-गोवा महामार्ग आहे, रंग उडालेले गतिरोधक आहेत. हलका ब्रेक आणि उडते चाक ही जोडी आपल्या रस्त्यांवर दर किलोमीटरला भेटते. हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी हायब्रिड या गाड्या 2022 पासून रस्त्यावर वाढत आहेत. त्या 2010 च्या प्रियस नव्हेत, सॉफ्टवेअरही तेव्हाचे नाही. पण मोटरकडून ऑइलकडे जाण्याचा सांधा प्रत्येकीत आहे आणि चाक उडाल्यावर तो पायाला कमीअधिक जाणवू शकतो.

म्हणून आमचा आग्रह आहे की ट्रायल घेताना मालकाला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. त्याचाच रस्ता, त्याचाच पाय. ताशी तीसच्या आसपास, मागे वाहन नसताना, त्याने जिथे सांगितले तिथेच हलका ब्रेक. मग तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. फक्त चाक उडाल्यावर जाणवते आणि पाय थोडा दाबताच ब्रेक परत पकडतो, तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राकडून त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर नवे आले आहे का हे विचारा, आणि मालकाला पाय तसाच ठामपणे दाबून ठेवायला शिकवा. घाबरून पाय उचलून पुन्हा मारणे ही सर्वांत वाईट सवय. सपाट रस्त्यावरही पेडल लांब जात असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे, ती पुढे ढकलू नका. आणि बॉनेटमधला ब्रेकचा पंप थांबून थांबून सारखा वाजत असेल तर गाडी ट्रायललाही नेऊ नका.

शेवटच्या दोन लक्षणांमागेही इतिहास आहे. जून 2013 मध्ये टोयोटाने प्रियस आणि लेक्सस एचएस 250 एच मिळून जगभरात सुमारे 2 लाख 42 हजार गाड्या बोलावल्या. दाब साठवणाऱ्या अॅक्युम्युलेटरमध्ये भेग पडून नायट्रोजन ब्रेक ऑइलमध्ये मिसळू शकत होता, आणि ऑइलमध्ये वायू म्हणजे लांब जाणारे पेडल. अशा गाडीची नुसती एअर काढून दिली तर पेडल चार दिवस बरे लागेल, आणि तेच सर्वांत घातक.

एअर काढण्यावरून आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. टोयोटाच्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकमध्ये चालकाचा दरवाजा उघडला तरी पंप जागा होऊन दाब भरू लागतो. चावी खिशात, गाडी 'बंद', पोरगा कॅलिपर उघडून पिस्टन मागे दाबतो आहे आणि कोणीतरी मोबाइल घ्यायला दरवाजा उघडतो: पिस्टन बाहेर फेकला जाऊ शकतो. तिथे बोट असेल तर विचार करा. स्कॅनरने ब्रेक कंट्रोल निष्क्रिय करा, स्मार्ट चावी गाडीपासून दूर कपाटात ठेवा, आणि मगच स्पॅनर हातात घ्या. पेडल मारून निपल सोडण्याची जुनी दोघांची पद्धत इथे पुरत नाही. एअर काढण्याचा क्रम स्कॅनरवरून चालवावा लागतो, आणि अॅक्च्युएटर बदलला तर व्हॉल्व्हचे शून्य पुन्हा शिकवावे लागते. तो स्कॅनर नसेल तर काम घेऊ नका. नाही म्हणण्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

पॅडबद्दल थोडक्यात. हायब्रिडचे पॅड खूप टिकतात, म्हणून कोणी ते काढूनच पाहत नाही. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, डिस्कच्या कडेला गंज धरतो, आणि ज्या दिवशी मोटरची मदत मिळत नाही त्या दिवशी ते उघड होते. पॅडची जाडी कितीही असो, वर्षातून एकदा पिना काढा, साफ करा, योग्य ग्रीस लावा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्याला किलोमीटर कळत नाहीत. डॉट 3 ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना 205 अंश आणि पाणी शिरल्यावर 140 अंश धरला जातो.

आता क्रूझ कंट्रोल. फेब्रुवारी 2010 मध्येच अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपल्या प्रियसबद्दल सांगितले की क्रूझचा वेग लिव्हरने टप्प्याटप्प्याने वाढवत नेला की कधी कधी गाडी आपोआप वेग घेत राहते आणि ब्रेकला पाय लावताच थांबते. त्यांचा संशय सॉफ्टवेअरवर होता. त्या वर्षी टोयोटाच्या आपोआप वेग घेण्याच्या एकूण तक्रारींचा तपास अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडे दिला. फेब्रुवारी 2011 मध्ये आलेल्या अहवालात धोकादायक वेग देऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारे पेडल आणि पेडलखाली सरकणारी मॅट हे दोनच दोष निश्चित झाले, आणि अनेक घटनांत चुकीच्या पेडलवर पाय पडल्याचे दिसले. 2014 मध्ये टोयोटाने 120 कोटी डॉलर भरले ते मॅट आणि पेडलची माहिती लोकांपासून लपवल्याबद्दल. वॉझ्निअॅक यांचा संशय त्या तपासात सिद्ध झाला नाही, तरी त्यांची तक्रार कशी नोंदवावी याचा उत्तम नमुना आहे: काय केले, किती वेगाला, काय झाले, कशाने थांबले.

आपल्या गॅरेजमध्ये याचा अर्थ असा की क्रूझची तक्रार आली की आधी मॅट पाहा. मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकलेली गाडी आपण रोज पाहतो. ती उचलून मालकाच्या हातात द्या. मग ब्रेक लाइटचा स्विच तपासा, कारण क्रूझ सुटते ती त्याच्याच इशाऱ्यावर. मागचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही अशा गाडीत क्रूझ वापरू नका असे बिलावर लिहून द्या.

आणि घाट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. माणसे आणि सामान धरून 1650 किलोच्या गाडीची तेवढी उतरण म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज. टायर आणि वारा त्यातली काही खातील, एकाहून जास्त युनिट तरी उरेल. ग्रँड व्हिटारा हायब्रिडची संपूर्ण बॅटरी 0.76 युनिटची, आणि तीही संगणक पूर्ण भरू देत नाही. म्हणजे घाटाच्या मध्यावर कुठेतरी बॅटरी पुरेशी भरते आणि मोटरचा ब्रेक कमी होतो. मग जादा ऊर्जा खपवायला सिस्टिम पेट्रोल न देताच इंजिन जोरात फिरवते. मालक येऊन सांगतो, "पाय काढलेला असताना इंजिन ओरडते." हा दोष नाही, हे त्याला कागदावर आकडे मांडून दाखवा. पण त्याच वेळी सांगा की साध्या क्रूझला चाकांचे ब्रेक लावता येत नाहीत, त्यामुळे उतारावर ठरवलेला वेग ओलांडला जातो. घाटात आणि पावसात क्रूझ बंद. गिअर लिव्हरवर 'बी' असेल तर उतार सुरू होण्याआधीच ते लावा, म्हणजे पॅड थंड राहतील आणि खालच्या वळणावर लागतील तेव्हा हाताशी असतील.

तक्रार खरी आणि पुन्हा पुन्हा येणारी निघाली तर तिला जागा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110 अ हे कलम आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल मालक सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. एका मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चौकशीची प्रक्रिया सुरू होते. तिथे "ब्रेक खराब" या दोन शब्दांचा काही उपयोग नाही. मालकाला तारीख, वेग, रस्त्याची स्थिती, क्रूझ चालू की बंद, बॅटरीची पट्टी किती भरलेली, पाय कसा होता, हे सगळे तुम्ही लिहून दिले तर उपयोग आहे.

या अंकापासून मधल्या पानावर हायब्रिड ब्रेकच्या तक्रारीसाठी जॉब कार्डचा नमुना देत आहोत. त्यात मालकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायला चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि त्या भरल्याशिवाय स्कॅनर जोडायचा नाही. पान फाडून झेरॉक्स काढा. भरलेली कार्डे गाडीमालकाचे नाव आणि नंबर झाकून आमच्याकडे पाठवा. एकाच मॉडेलची सारखी तक्रार वेगवेगळ्या गावांतून आली, तर ती आम्ही एकत्र करून छापू आणि कंपनीकडे उत्तर मागू.